सोळा ऑगस्टचा पेपर

प्रबंधाचं हस्तलिखित हातात पडलं की काका ते आधी उलटं करायचे आणि मागच्या पानापासून वाचायला लागायचे. शीर्षक नाही, प्रस्तावना नाही, मार्गदर्शकाचं नाव नाही. आधी संदर्भसूची. पहिल्या भेटीत मी म्हटलं, "काका, सुरुवात इकडून आहे." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, सुरुवातीले सगळेच चांगलं लिहितेत. माणूस कसा आहे ते मागं कळते."

गोंदियाजवळच्या कुडव्याला, रस्त्याला लागूनच त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. बाहेर 'टायपिंग, प्रबंध, झेरॉक्स' अशी पाटी, आत दोन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम चादरीखाली. गोंदियात तेव्हा प्रबंध टाईप करून देणारे चार-पाच जण असतील. स्टेशनकडचे दोघे आठ दिवसांत काम हातात द्यायचे. काकांकडे महिना लागायचा आणि वर बोलणी खावी लागायची. तरी लोक यायचे, ते शुद्धलेखनासाठी. काका स्वतः बोलायचे ते अस्सल झाडीबोलीत, 'मी पाहून राहिलो', 'तुमी काऊन आले'. पण कागदावर एक वेलांटी इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे.

नागपूरच्या एका दैनिकात त्यांनी सतरा वर्षं मुद्रितशोधक म्हणून काढली होती. छपाईच्या आधी पानं वाचून चुका काढायच्या, हे काम. पुढे कॉम्प्युटर आले आणि ते कामच उरलं नाही. "मले काढलं नाही त्यांनी," ते सांगायचे, "टेबल काढला. मी टेबलाच्या मागं बसून होतो, एवढंच." गोंदिया जिल्हा झाला त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, ते बायको आणि दोन पेट्या घेऊन परत आले आणि त्यांनी हे दुकान टाकलं.

पुस्तकांच्या संदर्भाबाबत ते तसे मवाळ होते. प्रकाशनवर्ष राहिलं तर स्वतः शोधून घालायचे. पण वर्तमानपत्राचा संदर्भ आला की खुर्ची पुढे ओढायचे. बातमीचं शीर्षक छापलं तसंच हवं. पेपरचं नाव हवं, गाव हवं, आवृत्ती हवी, तारीख हवी, पान हवं. यातलं एकही नसेल तर ते त्या ओळीसमोर पेन्सिलीनं बारीक फुली मारायचे आणि हस्तलिखित परत द्यायचे.

"पुस्तक कुठं पळून जात नाही," ते म्हणायचे. "पेपर एका दिवसाचा राहते. दुसऱ्या दिवशी त्याच्यात भजे बांधतेत. त्याचा पत्ता पक्का नसन तं मागून येणारा माणूस शोधीन कसा?"

आवृत्तीचं महत्त्व मला त्यांच्याकडेच कळलं. नागपूर शहरात वाटला जाणारा पेपर आणि गोंदियाला गाडीनं येणारा पेपर, दोन्हींचं नाव एक, तारीख एक, पण आतला मजकूर वेगळा. बाहेरगावची ती डाक आवृत्ती. तिच्या पाचव्या पानावर आमच्याकडची बातमी असेल, तर शहर आवृत्तीत त्याच जागी नागपूरच्या नळाचं पाणी. नुसती तारीख आणि पान देऊन भागत नाही. एका बाईंनी त्यांच्याशी यावरून तासभर वाद घातला आणि शेवटी रागानं विचारलं, "परीक्षक काय नागपूरला जाऊन पाहणार आहे का?" काका म्हणाले, "नाही जाणार. पण गेला तं त्याले सापडलं पाहिजे."

एक विद्यार्थी संदर्भसूचीत लेखकाच्या जागी 'वार्ताहर, आमचा' असं लिहून घेऊन आला होता. बातमीखाली 'आमच्या वार्ताहराकडून' असं छापलेलं होतं, आणि मार्गदर्शकानं सांगितलं होतं की आडनाव आधी लिहायचं, मग नाव. काका इतके हसले की काकू आतून पाणी घेऊन आल्या. मी त्यांना तेवढं हसताना पुन्हा पाहिलं नाही. मग डोळे पुसून त्यांनी त्याला नीट समजावून सांगितलं. बातमीखाली माणसाचं नाव नसेल तर लेखक लिहायचाच नाही, थेट शीर्षकापासून सुरुवात करायची.

घरातही तेच. बल्ब बदलला की बटणाशेजारी भिंतीवर पेन्सिलीनं तारीख. लोणच्याच्या बरणीवर तारीख, गॅसच्या टाकीवर तारीख. काकू वैतागून म्हणायच्या, "माझ्यावर तेवढी टाकायची राहिली." शेजारची बाई काही कानावरचं सांगायला आली की आतल्या खोलीतून काकांचा आवाज यायचा, "तुमी पाह्यलं का कोणी सांगितलं?" ती बाई मग उठून जायची. काकूंना त्यामुळे गल्लीतलं काहीच कळत नसे, ही त्यांची खरी तक्रार होती.

एका शिक्षकांनी वडिलांच्या सत्काराचं कात्रण आणलं होतं. वडिलांनीच कापून ठेवलेलं, चारही बाजूंनी सुबक. पेपरचं नाव आणि तारीख कात्रीच्या बाहेर राहिली होती. काकांनी ते उलटं केलं. मागच्या बाजूला कुणाच्या तरी प्रथम पुण्यस्मरणाची अर्धी जाहिरात होती आणि तिच्यात तारीख. "लोक पुढची बाजू पाहतेत," ते म्हणाले आणि कात्रण परत दिलं.

मी त्यांच्याकडे गेले ते दोन हजार सातच्या पावसाळ्यानंतर. एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. पीएच.डी. झाल्याशिवाय पुढे काही नव्हतं. विषय होता आमच्या भागातले जुन्या गावमालकांनी बांधलेले मालगुजारी तलाव आणि त्यांवर मासेमारी करणारा ढिवर समाज. माझे मार्गदर्शक त्याच कॉलेजचे विभागप्रमुख. तासिका कुणाला द्यायच्या हेही तेच ठरवायचे. त्यांचा स्वतःचा प्रबंध सात-आठ वर्षांपूर्वी याच विषयाच्या आसपासचा होता, आणि माझ्या चौथ्या प्रकरणातला निम्मा मजकूर त्याच्या आधारानं उभा होता.

त्या प्रकरणात नागझिऱ्याच्या बाजूच्या एका गावातला तलाव होता. गावाचं नाव आणि साल प्रबंधात आहे, इथं लिहीत नाही. माझे मार्गदर्शक अजून आहेत. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात त्या तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, फुटली आणि खालचं सगळं धान वाहून गेलं. मी लिहिलं होतं, 'ढिवर समाजातील काही लोकांनी मासे धरण्यासाठी तलावाची पाळ फोडली.' खाली तळटीप होती, 'गोंदिया जिल्ह्यात ढिवरांनी तलाव फोडला', मग पेपरचं नाव, मग १६ ऑगस्ट आणि साल. वाक्य आणि तळटीप, दोन्ही सरांच्या प्रबंधातली.

काकांची पेन्सिल तिथं थांबली. पण त्यांनी फुली मारली नाही.

"हे मी ओळखतो," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा पाहून राहिलो. हे कुठून आणलं?"

"सरांच्या प्रबंधातून."

"मग तसं लिहा. सराच्या प्रबंधात वाचलं म्हणून लिहा."

"सर म्हणतात, मूळ पेपरचाच संदर्भ द्या. वजन येतं."

"पेपर पाह्यला तुमी?"

"नाही."

"मग वजन कायचं येते?"

ते उठले आणि त्यांनी लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला होता. पेपरच्या कचेरीला सुटी असणारे आणि म्हणून दुसऱ्या दिवशी पेपर न निघणारे दिवस त्यावर लिहिले होते. सव्वीस जानेवारी, होळी, दिवाळी. त्यांनी पंधरा ऑगस्टवर पेन्सिल टेकवली.

"या दिवशी मशीन बंद. सोळाले पेपर निघतच नाही. सतरा वर्षं मी त्या दिवशी काम केलं नाही, मले ठाऊक आहे. आन् हे पाहा, 'गोंदिया जिल्ह्यात'. त्या साली गोंदिया जिल्हा कुठं होता? आपुन भंडाऱ्यात होतो. जो जिल्हाच नाही त्याचं नाव पेपरात छापलं कसं, जो पेपरच निघाला नाही त्याच्यात?"

मला राग आला. सर चुकले म्हणून नाही. माझ्या नोंदणीची मुदत दोन महिन्यांत संपत होती म्हणून.

"काका, एका तारखेनं काय होतंय?"

"काही होत नाही," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या सरानं हेच आणलं होतं माझ्याकडं. मी म्हटलं, मी हे टाईप करत नाही. त्यांनी स्टेशनकडून करून घेतलं. झाले ना डॉक्टर. तुमीबी व्हाल."

मी तोवर टाईप झालेल्या प्रकरणांची सीडी मागितली. त्यांनी ती पाकिटात घालून, पाकिटावर तारीख टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी ती सीडी स्टेशनकडे द्यायची होती. पण त्याआधी त्या तलावाचा एक फोटो काढायचा राहिला होता, म्हणून सकाळी गावात गेले. ढिवरांच्या मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष दसाराम पाळीवर बसून जाळं सांधत होते. साठीच्या आसपासचे. माझ्या कामात त्यांनी पुष्कळ मदत केली होती, माशांची नावं सांगितली होती, तलावाचा तळ कुठं खोल आहे ते पाण्यात उतरून दाखवलं होतं. माझ्या हातातली पानं पाहून ते म्हणाले, "आमच्यावर लिहिलं ना? मग वाचून दाखवा ना जी."

मी पाळीवर बसून वाचायला लागले. दोन बायाही येऊन बसल्या. जाळ्यांचं वाचलं, हंगामाचं वाचलं, लिलावाचं वाचलं. दसाराम मधूनमधून मान हलवत होते. मग ते वाक्य आलं. मी थांबले, आणि पान उलटलं.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग पुढं तलावाच्या क्षेत्रफळाचं आहे."

"बरं," ते म्हणाले आणि जाळं सांधू लागले.

घरी आल्यावर ती सीडी समोर ठेवून बसले. नोंदणीची मुदत खरी होती, तासिका खरी होती, सर खरे होते. पण जे वाक्य त्या माणसासमोर माझ्या तोंडातून निघालं नाही, ते मी विद्यापीठाला बांधून देणार होते. संध्याकाळी मी कुडव्याला गेले आणि दारातूनच विचारलं, "काका, तो पेपर कुठं पाहायला मिळेल?"

आत बघून ते काकूंना म्हणाले, "उद्या डबा दोघांचा कर. नागपूरले जाऊन राहिलो."

नागपूरच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात त्या दैनिकाच्या बांधीव फायली होत्या. काकांनी आधी नळावर हात धुतले, रुमालाला कोरडे पुसले, आणि पिशवीतून एक लाकडी पट्टी काढली. ती पट्टी पानावर आडवी ठेवून ते एकेक ओळ खाली सरकायचे. जुनी सवय असावी. वाचनालयाचे कारकून दुरून पाहत होते.

पंधरा ऑगस्टचा अंक होता. त्यामागे थेट सतरा. मी काकांकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय पाहता?" ते म्हणाले. "पान पलटवा."

बातमी सापडली अठरा तारखेच्या डाक आवृत्तीत, पाचव्या पानावर, दोन स्तंभांत. पाळ पंधराच्या पावसात फुटली होती. काका म्हणाले, त्या वेळी वार्ताहर बातमी लिफाफ्यात घालून गाडीनं पाठवायचा, छापून यायला दोन-तीन दिवस लागायचे. सरांनी घटना पंधराची म्हणून पेपर सोळाचा धरला असणार, आणि शीर्षक आपल्या मनानं केलं असणार. मी बातमी वाचली. शेवटचं वाक्य होतं, ढिवरांनी मासे धरण्यासाठी पाळ फोडल्याची गावात चर्चा आहे.

"काका, 'चर्चा आहे' असं लिहिलंय हो इथं."

"हं," ते म्हणाले. "ते दोन शब्द रस्त्यात पडले."

मी सगळं उतरवून घेतलं आणि वही मिटली. काकांनी पुढचं पान उलटलं.

"मिळाली ना बातमी?"

"मिळाली. तिचं पुढं काय झालं ते पाहू."

पुढच्या पंधरा दिवसांच्या अंकांचं आम्ही एकेक पान पाहिलं. डबा खाऊन पुन्हा बसलो. माझे डोळे चुरचुरायला लागले होते, आणि दोन सप्टेंबरचं सातवं पान मी उलटूनही टाकलं होतं. काकांनी ते परत फिरवलं. तळाशी एका स्तंभात शीर्षक होतं, 'माळ मोरीमुळेच फुटली'. कसली माळ, कसली मोरी, काही अर्थ लागेना. खालचा मजकूर वाचल्यावर लागला. अधिकाऱ्यांनी तलावाची पाहणी केली होती. पाणी सोडण्याची जुनी दगडी मोरी आतून ढासळली होती आणि तिथूनच पाळ खचली होती. मोरी गळते आहे अशी लेखी तक्रार गावातल्या ढिवरांनी आधी दोनदा केली होती, हेही त्यात होतं.

ज्यांनी फोडली म्हणून गावभर झालं होतं, त्यांनीच आधी सांगितलं होतं.

मी आनंदानं काकांकडे पाहिलं. ते मजकूर वाचत नव्हते. शीर्षकाच्या पहिल्या अक्षराकडे पाहत बसले होते.

"प चा म झाला," ते म्हणाले. "पाळ पाहिजे. हे पान माझंच असन. त्या साली डाक आवृत्ती मीच पाहत होतो."

"आठवतं तुम्हाला?"

"नाही आठवत. पण माझं नव्हतं असंही मले म्हणता येत नाही." मग म्हणाले, "कोणी शोधत आलाही असन इथं. पाळ शोधत असन तं माळ पाहून पुढं गेला असन. तुमीबी गेल्याच होत्या."

मी वहीत शीर्षक लिहायला घेतलं. त्यांनी वहीवर हात ठेवला.

"काय लिहून राहिल्या?"

"'पाळ मोरीमुळेच फुटली'. छपाईची चूक आहे काका, मी सरळ करते."

"नाही. छापलं तसं लिहा. म च लिहा. पुढं कंसात लिहा, 'मुळात असेच'."

"पण तुमची चूक..."

"माझी चूक आहे तं तुमी कायले झाकता?"

परतीच्या गाडीत तिरोडा सोडल्यावर खिडकीबाहेर पाहत ते एवढंच म्हणाले, "नव्या पोराईले मीच सांगत होतो. प आणि म सांभाळा."

सरांचं काय झालं ते आधी सांगते. नवीन तळटिपांची पानं मी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी दोनदा वाचली.

"माझा संदर्भ कुठं गेला?"

"आहे सर, खाली. मी आधी तिथं वाचलं, तेही लिहिलं आहे."

"म्हणजे माझं चूक आहे असं तुम्ही लिहिताय."

"तसं कुठं लिहिलेलं नाही, सर."

आणि ते खरंच कुठं लिहिलेलं नव्हतं. मी लिहिलं होतं, चांगल्या सहा ओळी. काकांनी त्या टाईप करायला नकार दिला. म्हणाले, "कोणाचं चुकलं ते कायले लिहिता? बरोबर काय ते लिहा आन् पत्ता द्या. ज्याले पाहायचं तो जाऊन पाहीन."

सरांनी ती पानं टेबलावर वर्षाहून अधिक ठेवली. मला अर्ज करून नोंदणी वाढवून घ्यावी लागली. पुढच्या सत्रात त्या कॉलेजात माझं नाव तासिकांच्या यादीत नव्हतं. घरी सासरे म्हणाले, एका तळटिपेपायी नोकरी घालवली. मी वर्षभर दहावीच्या शिकवण्या घेतल्या आणि काकांवर मनातून पुष्कळ चिडले. कुडव्याच्या बाजूला जायचंसुद्धा टाळलं. मग एका दुपारी कॉलेजच्या शिपायाचा फोन आला की सरांची सही झाली आहे, घेऊन जा. त्यानंतरच्या वर्षी त्यांचीच एक नवी विद्यार्थिनी काकांच्या दुकानात आली. सरांनी सांगितलं होतं म्हणे, पेपरचे संदर्भ इथूनच तपासून घ्या. काकांनी मला हे सांगितलं तेव्हा ते हसलेसुद्धा नाहीत. "सर हुशार आहेत," म्हणाले. "टाईम लागला, एवढंच."

दोन हजार चौदाच्या उन्हाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. शेवटची दोन-तीन वर्षं मुलं इंटरनेटवरच्या बातम्यांचे संदर्भ आणायची आणि ते त्यांना विचारायचे, "तुमी हे कोणत्या दिवशी पाह्यलं? तेबी लिहा. तो उद्या काढून टाकन." काकूंनी दुकानाची खोली भाड्यानं दिली. तिथं आता मोबाईल दुरुस्त करतात.

पण मला ते आठवतात ते दुकानात नाही, त्या तलावाच्या पाळीवर.

नागपूरहून आल्यावर चार दिवसांनी, सरांकडे पानं नेण्याच्या आधी, त्यांनी स्वतःच विचारलं होतं, "तो तलाव कुठं आहे? मले दाखवता का?" माझ्या स्कूटीवर मागे बसून, मांडीवर फाईल धरून ते आले. दोन्ही बातम्यांच्या झेरॉक्स त्या फाईलमध्ये होत्या. दसारामांना मी सांगितलं की हे माझे टायपिंगवाले काका, पेपर शोधून आणला तो यांनीच. काका चपला काढून पाळीवर बसले आणि त्यांनी पहिली बातमी वाचायला सुरुवात केली. ते वाक्य आलं. त्यांनी ते आवाज न बदलता, आधीच्या वाक्यासारखंच वाचलं.

दसाराम माझ्याकडे वळले. "बाई, त्या दिवशी तुमी हेच गाळलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

"वाचाचं होतं जी. आमाले काही नवीन नाही."

काकांनी दुसरी बातमी वाचली. 'माळ' असंच वाचलं आणि मग सांगितलं, "इथं पाळ पाहिजे होतं. छापताना चुकलं. ते पाहणं माझं काम होतं." पूर्ण वाचून झाल्यावर दसारामांनी जाळ्यातली एक गाठ ओढून घट्ट केली.

"हे आमाले तवाच ठाऊक होतं," ते म्हणाले. "पह्यल्या बातमीवर माझ्या बापाले ठाण्यात नेलं. तीन दिवस ठेवलं. या दुसऱ्या बातमीवर कोणी आलं नाही."

"तक्रार कोणी केली होती?" काकांनी विचारलं.

"बापानंच. मास्तरकडून लिहून घेतली दोन्ही टाईम. आंगठा त्याचा होता." मग ते थोडे पुढे सरकले. "त्याच्यात नाव आहे का बापाचं?"

काकांना ती बातमी तोंडपाठ झाली असणार. तरी त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांसमोर धरला आणि वरपासून खालपर्यंत पाहिला.

"नाही," ते म्हणाले. "नुसतं 'ढिवर' आहे."

"बरं," दसाराम म्हणाले आणि उठायला लागले.

"बसा जी," काका म्हणाले. "पेपरात नाही तं तुमच्या तोंडून घेऊ. मुलाखत म्हणतेत त्याले. कोणी सांगितलं, कुठं, कोणत्या दिवशी, सगळं लिहून खाली देता येते."

"त्याले मानतेत?"

"पेपराइतकंच मानतेत. नीट लिहिलं तं."

त्यांनी मला वही काढायला लावली. स्वतः लिहायला तयार नव्हते. "प्रबंध तिचा आहे, तीच लिहीन." दसारामांनी सांगितलं. मोरीतून पाणी कधीपासून गळत होतं, बाप रोज सकाळी तिथं माती कशी टाकायचा, मास्तरांनी तक्रार कोणत्या झाडाखाली बसून लिहिली. ठाण्यातून आल्यावर बाप पुन्हा या पाळीवर आला नाही, तेही सांगितलं. मी लिहीत गेले. त्यांचं झाल्यावर काका म्हणाले, "आता नाव सांगा."

"दसाराम सुकराम मेश्राम."

"बापाचं?"

"सांगितलं ना. सुकराम."

"पूर्ण सांगा."

दसाराम मग म्हणाले, "बापाचं पूर्ण नाव कोणी विचारलंच नव्हतं जी. ठाण्यातबी सुक्या असंच लिहिलं होतं." त्यांनी मांडीवरचं जाळं बाजूला ठेवलं, सरळ बसले, आणि एकेक शब्द सुटा सांगितला, "सुकराम बुधू मेश्राम."

मी लिहिलं. काका वाकून वहीत पाहत होते.

"'धू'ले दीर्घ उकार द्या," ते म्हणाले.

मी दुरुस्त केलं. दसारामांना वाचता येत नव्हतं, तरी तेही वहीवर वाकले. "कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मी वही त्यांच्याकडे फिरवली आणि नावाखाली बोट ठेवलं.